५२ दरवाजे मोजून शहर दिसत नाही

१/
छत्रपती संभाजीनगरात पाय ठेवणाऱ्या पाहुण्याला पहिल्या तासाभरात एक वाक्य हमखास ऐकवले जाते : "हे बावन्न दरवाजांचे शहर आहे." रिक्षावाला ते सांगतो, हॉटेलातील माहितीपत्रक सांगते, शाळेच्या सहलीबरोबर आलेले गुरुजी सांगतात आणि हल्ली भ्रमंतीच्या चित्रफिती तर याच वाक्याने सुरू होतात. या एका वाक्याने जुन्या शहराचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे रस्ता रुंदीकरणानेही केले नसेल. विधान टोकाचे वाटेल. त्याची कारणे पुढे क्रमाने मांडली आहेत. #थ्रेड

२/
आधी आकडा. बावन्न ही मराठीची लाडकी संख्या. सोने बावन्नकशी, वीर बावन्न, पत्त्यांच्या जोडात पाने बावन्न. जुन्या शहराच्या तोंडी परंपरेत बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी जोडी आहे. प्रत्यक्षात मोठे दरवाजे चार : उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का. त्याखेरीज दुय्यम दरवाजे नऊ मोजले जातात. बावन्नाचा हिशेब जुळवायचा तर तटातील लहान खिडक्या, पुऱ्यांच्या वेशी, महालांच्या ड्योढ्या असे सगळेच जमेस धरावे लागते. आज चौदाच्या आसपास दरवाजे उभे आहेत.

३/
आकडा फुगलेला असणे हा मोठा गुन्हा नव्हे. प्रत्येक जुने शहर थोडे फुगवून बोलते. खरी अडचण कालक्रमाची आहे. मलिक अंबरने खडकी या गावाला शहराचे रूप दिले ते १६१० मध्ये. ज्या तटात हे दरवाजे बसवलेले दिसतात तो तट औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास बांधायला घेतला. म्हणजे या तटाला आणि त्याच्या दरवाजांना शहराची ओळख मानले, तर शहराच्या आयुष्यातील पहिली सत्तर वर्षे एका फटक्यात पुसली जातात. नेमकी तीच वर्षे शहर घडण्याची होती.

४/
तट बांधण्याचे कारणही कोणी सांगत नाही. १६८२ मध्ये औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरून या शहरात येऊन राहिला. समोर छत्रपती संभाजी महाराजांचे राज्य होते आणि मराठ्यांचे छापे कोठे पडतील याचा नेम नव्हता. शहराभोवती दगडी तट उभा राहिला तो या छाप्यांच्या धाकाने. आज शहर ज्या राजाचे नाव धारण करते, त्याच राजाच्या फौजांपासून बचावासाठी हे दरवाजे बसवले गेले. एवढी विलक्षण गोष्ट हाताशी असताना वाटाड्या पाहुण्याला सांगतो काय? "इथे फोटो छान येतो."

५/
दरवाजांतही एक दरवाजा निराळा आहे. भडकल दरवाजा १६१२ चा, मलिक अंबरने मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ उभारलेला. तो तटाच्या सत्तर वर्षे आधीचा आहे. आत-बाहेर अडवण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. ती विजयाची कमान आहे. आज त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तेथे जनसागर लोटतो. एका गुलामाने उभारलेली विजयाची खूण आणि तिच्या शेजारी बाबासाहेब, हा योग शहराने जुळवून आणलेला नाही, पण तो आहे. "भव्य दरवाजा, उंच कमानी" एवढ्या वर्णनात तो मावत नाही.

६/
गुलाम हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादपर्यंत हातोहात फिरला आणि अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेझखान या पेशव्याच्या पदरी आला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा राज्य संपल्यातच जमा होते. अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून ते पुढची पाव शतक जिवंत ठेवले. जहांगीर बादशहाला तो इतका खुपत असे की त्याने अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर स्वतः बाण मारतानाचे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.

७/
मराठी परंपरेला मात्र या माणसाचे वावडे नव्हते. परमानंदाच्या 'शिवभारता'त अंबरच्या शौर्याचा गौरव आहे. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले तेव्हा अंबरने तलावाचा बांध फोडला, शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मग घाला घातला. पाणी कोठे आहे, ते कोठे वळवता येईल आणि त्याने काय साधेल, हे त्याला नेमके कळत असे. याच माणसाने खडकी वसवली, हे लक्षात ठेवले की शहर वेगळे दिसू लागते.

८/
खडकी. नावातच खडक आहे. शेजारी खाम नदी, पण ती बारमाही भरवशाची नाही. अशा जागी राजधानी करायची तर पहिला प्रश्न तटाचा नसतो, पाण्याचा असतो. अंबरने त्याचे उत्तर जमिनीखाली शोधले. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी मुरणारे पाणी त्याने भूमिगत बोगद्यातून शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी. पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत ती पुरी झाली, असे परंपरेने सांगितले जाते.

९/
ही नहर चालते कशी, ते समजून घेण्यासारखे आहे. डोंगरातून झिरपणारे पाणी दगडी बांधणीच्या बोगद्यात गोळा होते. बोगद्याला उतार असा बेताचा दिलेला की पाणी वाहत राहील, पण वेगाने बांधकाम खरवडणार नाही. ठरावीक अंतरावर वर उघडणारे झरोके. त्यांतून हवा बाहेर पडते आणि गाळ काढणारा माणूस खाली उतरतो. असे सुमारे १४० झरोके होते असे सांगतात. शहरात शिरल्यावर खापरी नळ आणि दगडी बंब : बंबात पाणी वर चढते, दाब सांभाळला जातो आणि पुढच्या मोहल्ल्याकडे वाट फुटते. कोठेही मोट नाही, बैल नाही, इंधन नाही.

१०/
अंबरने वसवलेल्या या शहराला उसंत मात्र मिळाली नाही. १६१६ मध्ये मोगल फौजेने अंबरचा पराभव करून खडकी लुटली आणि जाळली. १६२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली. दोन्ही वेळा शहर पुन्हा उभे राहिले. वाडे जळतात, लाकडी माड्या कोसळतात, बाजार राख होतो; पण जमिनीखालचे पाणी जाळता येत नाही. माणसे परत आली कारण परत येण्याजोगे काही शिल्लक होते. कमानींच्या छायाचित्रांत ही गोष्ट दिसणार नाही, कारण ती कमानींची नाही.

११/
१६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादेत आहे. मुलगा फत्तेखान याने शहराचे नाव फत्तेनगर केले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि १६५३ मध्ये शहर औरंगाबाद झाले. दरबारी कागदांत ते 'खुजिस्ता बुनियाद' म्हणूनही येते. मोगलांनी नाव बदलले, पण अंबरची पाण्याची पद्धत बदलली नाही. उलट तीच पद्धत वाढवत नेली. पाणचक्कीची नहर, बेगमपुऱ्याची नहर, पळशीची नहर, छावणीची नहर : एकामागून एक अशा नहरी निघत राहिल्या. राज्य घेणाऱ्यांनीही त्या हबशी वजिराची अक्कल मान्य केली होती.

१२/
या साऱ्या व्यवस्थेतील एकच गोष्ट आज पर्यटकाच्या यादीत उरली आहे : पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ मध्ये तुर्कताजखानाने ही योजना पुरी केली. दूरच्या डोंगरातून नहरीने आलेले पाणी भिंतीवरून धबधब्यासारखे कोसळते, खाली लोखंडी पात्यांचे चाक फिरवते आणि जाते फिरते. पीठ कोणासाठी? दर्ग्यात उतरणारे प्रवासी, फकीर आणि विद्यार्थी यांच्यासाठी. जवळच ग्रंथालय होते. पाणी, पीठ आणि पुस्तके एका आवारात.

१३/
आणि आज? तिकीट, धबधब्यापुढे छायाचित्र, वडाच्या सावलीत पाच मिनिटे, बाहेर येऊन हिमरूची शाल बघणे, पुढे मकबरा. पाणी येते कोठून, असे विचारणारा शंभरांत एखादा. ज्या नहरीशिवाय चाक फिरणार नाही ती नहर 'बघण्याची जागा' नाही, म्हणून तिची अवस्था कोणाच्या डोळ्यांत येत नाही. उद्या ती आटली आणि विजेच्या पंपाने धबधबा चालू ठेवला, तरी तिकीट तेवढेच विकले जाईल. स्थलदर्शनाची ही रीत वस्तू पाहते; ती वस्तू कशामुळे जिवंत आहे ते पाहत नाही.

१४/
बीबी का मकबऱ्याचेही तेच. 'दख्खनचा ताज', 'गरिबाचा ताज', अशी विशेषणे लावून त्याला जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी उभे केले आहे. दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. आराखडा अताउल्लाचा, बांधकामावर हंसपतराय. दोघांची नावे प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. एकूण खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदला गेला. संगमरवर मोजकाच, बाकी स्थानिक काळा दगड आणि त्यावर घोटलेला चुन्याचा गिलावा. नक्कल म्हणून हिणवण्याऐवजी तो गिलावा जवळून पाहावा. साडेतीन शतकांचे पाऊस त्याने अंगावर घेतले आहेत. ते दख्खनच्या गवंड्यांचे कसब आहे, आग्र्याची उसनवारी नाही.

१५/
आता पर्यटकाचा मार्ग नकाशावर ठेवून पाहावा. पहिला दिवस : वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, परतताना मकबरा आणि पाणचक्की. दुसरा दिवस : अजिंठा. तिसऱ्या दिवशी गाडी किंवा विमान. मकबरा तटाबाहेर, पाणचक्की खामच्या काठाला. रेल्वे स्थानक दक्षिणेला, विमानतळ चिकलठाण्याला, हॉटेले त्या दोघांच्या आसपास. म्हणजे 'ऐतिहासिक शहर पाहिले' असे सांगून परतणारा बहुसंख्य पाहुणा जुन्या शहराच्या आत शिरलेलाच नसतो. तो त्याला प्रदक्षिणा घालून जातो. देवळाला प्रदक्षिणा घालावी आणि गाभाऱ्यात डोकावू नये, तसे.

१६/
आत काय आहे? शहागंजचे घड्याळ, सराफा, कासारी बाजार, रंगार गल्ली, कुंभारवाडा, गुलमंडी, सुपारी हनुमान, जुना बाजार, राजाबाजारातील संस्थान गणपती, अंबरने सुरू केलेली आणि पुढे वाढवलेली जामा मशीद, बाहेरच्या अंगाला बिकानेरच्या कर्णसिंह आणि पद्मसिंह यांची नावे धरून बसलेले कर्णपुरा व पदमपुरा. या नावांत कारागीर आहेत, राजपूत सरदार आहेत, व्यापारी आहेत. ही नावे हाच शहराचा दस्तऐवज आहे. पण त्यांच्यापुढे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून ती यादीत नाहीत.

१७/
आकड्याच्या आणि यादीच्या मोहात सापडलेले हे एकटेच शहर नाही. व्हिएतनामची राजधानी हनोई घ्या. लि थाय तो या राजाने ती १०१० मध्ये वसवली, खडकीच्या बरोबर सहाशे वर्षे आधी. तिचे जुने शहर '३६ गल्ल्यांचे' म्हणून जगभर विकले जाते. गल्ल्या प्रत्यक्षात छत्तीसपेक्षा कितीतरी जास्त. तो तिकडचा 'बावन्न' आहे. तेथेही वेशी होत्या. त्यांपैकी १७४९ ची ओ क्वान चुओंग ही एकच वेस आज उभी आहे. तेथेही पाहुणा दोन तासांत छत्तीस गल्ल्या 'करून' जेवायला जातो.

१८/
तरीही हनोईपाशी शिकण्यासारखे काही आहे. तेथील गल्ल्यांची नावे मालावरून पडली. हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली, हांग बुओम म्हणजे शिडांची. चौकस माणूस विचारतो : जवळ पाणी नसलेल्या गल्लीत गलबतांची शिडे का विकली जात? उत्तर असे की तेथून तो लिच नदी वाहत होती आणि फ्रेंच अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तिचा तो भाग बुजवला गेला. एका गल्लीच्या नावाने हरवलेली नदी सापडते. शहर पाहणे म्हणजे असा प्रश्न विचारणे.

१९/
तोच प्रश्न येथे विचारावा. जुन्या शहरात लोटा कारंजा नावाचा मोहल्ला आहे. कारंजे कोठे आहे? बेगमपुऱ्यात थत्ते हौद आहे. भर वस्तीतला हौद भरत होता कशाने? दिल्ली दरवाजाजवळचे सलीम अली सरोवर पूर्वी खिजरी तलाव म्हणून ओळखले जाई. समोर मोगलकालीन हिमायत बाग. एवढी हिरवळ उत्तरेच्याच अंगाला का? या सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेला जातात, हर्सूलकडच्या डोंगरांकडे. दरवाजे मोजणाऱ्याला हे प्रश्न पडतच नाहीत, कारण दरवाजा काही विचारायला लावत नाही. तो फक्त उभा असतो.

२०/
येथे आक्षेप येतील, त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला : पर्यटकापाशी वेळ नसतो, त्याला सोपी ओळख लागते. मान्य. पण ओळख सोपी असणे आणि चुकीच्या गोष्टीची असणे यांत फरक आहे. "चारशे वर्षांपूर्वी एका माजी गुलामाने खडकात पाणी आणून वसवलेले शहर" हे वाक्यही एका दमात म्हणता येते. ते दरवाजांच्या वाक्यापेक्षा खरे आहे आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही जास्त राहील.

२१/
दुसरा आक्षेप : दरवाजे तरी वाचवू द्या की! स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली, रोषणाई झाली, हे वाईट कसे? वाईट मुळीच नाही. ती व्हायलाच हवी होती. प्रश्न असा आहे की प्रेम तेथेच का थांबते? दरवाजा एकदा दुरुस्त केला, दिवे लावले, फीत कापली की काम दिसते. नहरीचा गाळ दरवर्षी काढावा लागतो आणि तो काढलेला कोणाला दिसत नाही. दिसणाऱ्या वारशावर खर्च आणि वाहणाऱ्या वारशाकडे पाठ, अशी ही वाटणी आहे. बावन्न दरवाजांची घोषणा तिला शहाणपणाचे रूप देते.

२२/
तिसरा आक्षेप व्यवहाराचा : २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख वस्ती असलेल्या शहराची तहान सतराव्या शतकातील नहर भागवणार आहे काय? नाही. असे म्हणणारा स्वप्नाळू ठरेल. पण वस्तुस्थितीही तपासावी. आजचे शहर पैठणच्या नाथसागरातून, पन्नासेक किलोमीटरवरून, चढावर पाणी उपसून आणते. २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. दरम्यान नळाला चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांआड पाणी, ही या शहराची सवय झाली. जुन्या मोहल्ल्यात टँकरची वाट पाहणारी बाई ज्या रस्त्यावर उभी असते, त्याच्या खालून कधीकाळी वाहते पाणी जात होते.

२३/
म्हणून नहर हा जुन्या शहराचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, तहानेवरचा तयार उपाय म्हणून नव्हे. तो धडा असा : पाणी जवळ कोठे मुरते ते आधी पाहा, उताराला कामाला लावा, आणि देखभालीची सोय बांधकामातच करून ठेवा. १४० झरोके म्हणजे १४० ठिकाणी खाली उतरून साफ करण्याची आठवण. रस्ता खोदताना, पाया घालताना, गटार टाकताना हे बोगदे आणि खापरी नळ फुटतात. कोणाला वाईट वाटत नाही, कारण त्यांना कोणी 'वारसा' म्हटलेलेच नाही. दरवाजाची एक कमान ढासळली तर बातमी होते. नहर फुटली तर ठेकेदार मुरूम टाकून पुढे जातो.

२४/
नावाच्या वादालाही येथे बाजूला ठेवता येत नाही. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर : या शहराने चार नावे पाहिली आणि प्रत्येक नावामागे सत्तेचा आणि स्मृतीचा इतिहास आहे. नाव हा क्षुल्लक विषय नाही. लोकांच्या मनात त्याचे वजन असते आणि ते असू द्यावे. मात्र वर्षानुवर्षे शहराविषयीची सगळी ऊर्जा पाटीवर खर्च झाली. पाटीच्या दोन्ही बाजूंनी घसा फोडून बोलणाऱ्यांत, पाटीखालून जाणाऱ्या नहरीचा मार्ग सांगू शकतील असे किती? शहर कोणाचे, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी शहर कशावर उभे आहे हेही विचारायला हवे.

२५/
आशेला जागा आहे. अलीकडच्या वर्षांत खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम महापालिका, उद्योग आणि नागरिक यांनी मिळून हाती घेतले आणि गटार झालेल्या नदीचा काही भाग पुन्हा काठावर बसण्याजोगा झाला. मनावर घेतले तर हे शहर पाण्याकडे वळू शकते, याचा हा पुरावा आहे. नदीसाठी जे झाले ते नहरींसाठी व्हायला अडचण पैशांची कमी आणि नजरेची जास्त आहे.

२६/
तेव्हा जुने शहर पाहायचे तर एक फेरी अशी करावी. सकाळी हर्सूलकडून सुरुवात. डोंगरांची रांग पाहून पाण्याचा उतार डोळ्यांनी मोजावा. मग सलीम अली सरोवर, हिमायत बाग, दिल्ली दरवाजा. पुढे रंगीन दरवाजा आणि किले अर्क, म्हणजे औरंगजेबाची वसाहत. तेथून जामा मशीद आणि नौखंडा. अंबरच्या या महालाच्या जागी आज महिला महाविद्यालय आहे. हबशी वजिराच्या घरी मुली शिकतात, हे मुद्दाम थांबून लक्षात घ्यावे. मग भडकल दरवाजा.

२७/
दुपारनंतर लोटा कारंजा, सिटी चौक, शहागंज, सराफा, गुलमंडी आणि शेवटी पैठण दरवाजा. उत्तरेकडून दक्षिणेकडे, पाणी जसे उतरते तसे. या वाटेवर दरवाजे लागतील ते लागू द्यावेत, मोजू नयेत. गल्लीत एखादा दगडी बंब, बुजलेला झरोका, कोरडा हौद दिसला तर तेथे थांबावे आणि जवळच्या दुकानातील वयस्कर माणसाला विचारावे. माहितीपत्रकात नसलेले अर्धे शहर अशा ओट्यांवर बसलेले असते.

२८/
आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यापुढे चार साध्या मागण्या ठेवायला हव्यात. शिल्लक असलेल्या प्रत्येक बंबाला, झरोक्याला, हौदाला क्रमांक आणि मराठीत माहितीचा फलक. नहरींच्या मार्गांचा नकाशा सर्वांना पाहता येईल असा जाहीर करणे. जुन्या हद्दीत खोदकामाची परवानगी देण्यापूर्वी तो नकाशा पाहण्याची सक्ती. आणि ज्या नहरी अजून झिरपतात त्यांचा गाळ पावसाळ्यापूर्वी काढण्याची दरवर्षीची तरतूद. यांपैकी एकाही मागणीला नवे दिवे लावावे लागत नाहीत.

२९/
तट शत्रूच्या भीतीने बांधला गेला. शत्रुत्व संपले, तट गेला, काही दरवाजे मागे राहिले. नहर तहानेपोटी बांधली गेली आणि तहान अजून आहे. दोहोंपैकी कोणती गोष्ट आजच्या शहराच्या कामाची, हे ठरवायला इतिहासाची पदवी लागत नाही. पुढच्या वेळी पाहुणा "बावन्न दरवाजे कोठे आहेत?" असे विचारील, तेव्हा त्याला आधी थत्ते हौदापाशी न्यावे.

३०/३०
जुन्या शहरात राहणाऱ्या, राहिलेल्या किंवा आजोळ तेथे असलेल्या वाचकांनी आपल्या गल्लीतील बंब, हौद, झरोका किंवा कारंजे यांची आठवण, जागा आणि असल्यास छायाचित्र या थ्रेडखाली जरूर द्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून द्यावे. "आमच्या लहानपणी इथे पाणी वाहायचे" हे वाक्य सांगणारी पिढी अजून आहे, तोवरच ही नोंद होऊ शकते. (समाप्त)